मुक्कामाचा धर्म : उघडे आभाळ आणि बांधलेला निवारा

वाटसरूने रात्र कोठे काढावी, हा प्रश्न वरवर सोयीचा वाटत असला तरी भारतीय धर्मपरंपरांनी तो आचाराचा आणि तत्त्वाचा प्रश्न मानला आहे. एकीकडे झाडाखाली, नदीकाठी किंवा माळावर कोणाला न विचारता आणि दमडीही न मोजता टाकलेली पथारी आहे. दुसरीकडे विहार, मठ, सराई, धर्मशाळा असा कोणीतरी बांधलेला, नियमांनी चालणारा आणि पुष्कळदा मोबदला मागणारा निवारा आहे. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कारवान पर्यटनाचे धोरण स्वीकारले आणि राहण्याची सोय असलेल्या गाड्या, म्हणजे कारवान, उभ्या करण्यासाठी पाणी, वीज व स्वच्छतागृहांसह ठरावीक जागा, म्हणजे कारवान पार्क, असाव्यात असा विचार त्यात मांडला, तेव्हा हाच जुना प्रश्न नव्या रूपात पुढे आला. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात या प्रश्नाचा विचार करण्यास विशेष आधार मिळतो, कारण अजिंठा आणि पितळखोरा येथील बौद्ध विहार, पैठणची महानुभाव आणि वारकरी परंपरा व शहरातल्या पाणचक्कीजवळची सूफी वास्तू या सर्वांनी आपापल्या परीने त्याचे उत्तर शोधले आहे.

बौद्ध संघात उपसंपदा, म्हणजे पूर्ण दीक्षा, घेणाऱ्या भिक्षूला चार निश्रय सांगितले जात. निश्रय म्हणजे ज्यांच्या आधारावर भिक्षूचे जीवन चालावे ते किमान आधार. भिक्षेचे अन्न, टाकून दिलेल्या चिंध्यांचे चीवर, झाडाचे बूड हे शयनासन आणि गोमूत्राचे औषध, असे ते चार होत. म्हणजे उघड्यावर राहणे हीच भिक्षूची मूळ अवस्था होती आणि छप्पर ही तिला नंतर मिळालेली सवलत होती. असे असताना पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम, म्हणजे वर्षावास, कसा आला याची विनयपिटकात, म्हणजे संघाच्या आचारनियमांच्या ग्रंथात, दिलेली हकिकत मोलाची आहे. भिक्षू बाराही महिने हिंडतात, हिरवे गवत तुडवतात आणि बारीकसारीक जिवांचा चुराडा करतात, पक्षीसुद्धा पावसाळ्यात घरटे करून थांबतात, अशी लोकांची तक्रार बुद्धापर्यंत पोहोचली आणि त्यावरून पावसाळ्यातील तीन महिने भिक्षूंनी एका ठिकाणी राहावे असे ठरले. शरीराला सुख मिळावे म्हणून हा नियम झालेला नाही. वाटेवरच्या गवताला आणि किड्यामुंग्यांना माणसाच्या मुक्ततेची किंमत मोजावी लागू नये, हे त्याचे कारण आहे. उघड्यावरचा मुक्काम कोणावरच भार टाकत नाही, ही समजूत इतक्या प्राचीन काळी तपासली गेली आणि ती टिकली नाही, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनाचा पाया ठरते.

राजगृहाच्या एका श्रेष्ठीने भिक्षूंसाठी निवारे बांधण्याची इच्छा व्यक्त केली तेव्हा बुद्धाने पाच प्रकारच्या निवाऱ्यांना अनुमती दिली आणि त्यांत गुहेचाही समावेश होता. हे दान कोणा एका भिक्षूला न देता चारी दिशांच्या, आलेल्या आणि पुढे येणाऱ्या, संघाला अर्पण करावे, अशी रीत त्या वेळी पडली. सह्याद्रीतील लेणी हे त्याच अनुमतीचे दगडात उतरलेले रूप आहे. अजिंठ्याचे बारावे लेणे हा तेथील आरंभीच्या काळातला विहार असून त्याच्या चौरस दालनाच्या तीन बाजूंना मिळून बारा खोल्या आहेत. प्रत्येक खोलीत दोघांपुरते दगडी ओटे कोरलेले असून उशाकडचा भाग किंचित उंच ठेवला आहे. त्या खोलीत पाठ टेकण्यापुरती जागा आहे, पण संचय करण्याजोगी जागा जवळजवळ नाही. वस्तू साठवण्याची सोय न देता निजण्याची सोय देणारी ही रचना असल्याने छप्पर स्वीकारूनही अपरिग्रह, म्हणजे गरजेपलीकडे काही न बाळगण्याचे व्रत, कसे राखता येते हे तेथे डोळ्यांना दिसते. याच लेण्यात एका व्यापाऱ्याच्या दानाचा लेख आहे, तर कन्नडजवळच्या पितळखोऱ्यातील लेखांत प्रतिष्ठानच्या, म्हणजे आजच्या पैठणच्या, एका सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या कुटुंबाचे आणि एका राजवैद्याचे नाव आढळते. भिक्षूला विनामूल्य मिळालेला निवारा प्रत्यक्षात कोणाच्या तरी कष्टाने आणि धनाने उभा राहिलेला असतो, याची नोंद त्या दगडानेच करून ठेवली आहे.

निवारा मान्य झाल्यावर त्याविरुद्ध आक्षेप निघणे स्वाभाविक होते आणि तो देवदत्त या भिक्षूच्या नावाने परंपरेत नोंदला गेला. सर्व भिक्षूंनी आयुष्यभर अरण्यात राहावे, केवळ भिक्षेवर जगावे, चिंध्यांचीच वस्त्रे वापरावीत, झाडाखालीच राहावे आणि मत्स्यमांस वर्ज्य करावे, अशा पाच मागण्या त्याने केल्या. बुद्धाने अरण्यवास नाकारला नाही आणि सक्तीचाही केला नाही. ज्याला अरण्यात राहायचे त्याने अरण्यात राहावे, ज्याला गावाजवळ राहायचे त्याने गावाजवळ राहावे, आणि झाडाखालचा वास वर्षातील आठ महिने मोकळा असावा, असा निर्णय दिला. या निर्णयामागील विचार असा की उघड्यावर राहण्यातच श्रेष्ठत्व आहे असे एकदा मानले की साधकाचे लक्ष आसक्तीच्या क्षयावरून कष्टाच्या प्रदर्शनाकडे वळते, आणि ज्याने घर सोडले तोच आपल्या बेघरपणाचा अभिमान धरून बसतो. छप्पर टाकले तरी अहंकार टाकला जातोच असे नाही, हे या वादाचे सार आहे.

मुक्काम उघड्यावर असो वा विहारात, तो कसा करावा याविषयी विनयाचे नियम अतिशय बारकाईने सांगतात. संघाच्या मालकीची खाट, चटई किंवा आसन उघड्यावर मांडून, ते न आवरता किंवा कोणाला आवरण्यास न सांगता निघून जाणे हा दोष मानला आहे. जमीन खणणे व वनस्पती तोडणे वर्ज्य आहे. आजारपण नसताना हिरवळीवर किंवा पाण्यात मलमूत्रविसर्जन करू नये आणि थुंकू नये, असेही नियम आहेत. ज्या ग्रंथात निर्वाणाच्या वाटेची शिस्त सांगितली आहे त्याच ग्रंथात अंथरूण उचलण्याची आणि पाणी न नासवण्याची शिस्तही यावी, यात काहीच विसंगत नाही, कारण आपल्या मागे राहणाऱ्या घाणीचा विचार न करणारे वैराग्य अपुरे असते.

तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी प्रवर्तित केलेल्या महानुभाव पंथाने अटनाला, म्हणजे सतत फिरत राहण्याला, साधनेत मोठे स्थान दिले. ओळखीच्या मुलखापासून दूर, गावाच्या आणि नातलगांच्या पाशांबाहेर राहून, झाडाखाली किंवा ओसाड देवळात वेळ काढावा आणि कोणत्याही स्थानाची सवय जडू देऊ नये, असा त्या उपदेशाचा रोख आहे. तथापि लीळाचरित्रात, म्हणजे म्हाइंभटांनी संकलित केलेल्या चक्रधरांच्या आठवणींच्या ग्रंथात, पैठण आणि वेरूळ येथील मुक्कामांच्या ज्या लीळा येतात त्यांत देऊळ, मठ आणि ओटा यांचे उल्लेख पदोपदी आहेत. म्हणजे निवाऱ्याचा स्वीकार त्या आचारात होता. नाकारला होता तो निवाऱ्यावरचा हक्क. देवळाच्या ओट्यावर निजलेला साधक त्या ओट्याचा मालक नसतो, पुजारी नसतो आणि भाडेकरूही नसतो. उजाडल्यावर तो उठतो आणि ती जागा पुढच्या माणसासाठी मोकळी होते.

येथवरच्या विवेचनावरून असे वाटू शकेल की उघडे आभाळ आणि छप्पर यांतला फरक साधकाच्या मनापुरताच आहे आणि मन अनासक्त असले की दोन्ही सारखेच. हा निष्कर्ष घाईचा ठरेल, कारण त्यात एक मोठी सामाजिक वस्तुस्थिती सुटून जाते. झाडाखाली निजणे हे वैराग्य तेव्हाच म्हणता येते जेव्हा निजणाऱ्याला आत जाण्याची मुभा असते. मंगळवेढ्याचे संत चोखामेळा यांना पंढरीच्या मंदिरात प्रवेश नव्हता आणि त्यांची समाधीही महाद्वारासमोर, बाहेरच्या बाजूला आहे. पुढे कित्येक शतके त्यांच्या जातिबांधवांना यात्रेच्या गावी उघड्यावरच मुक्काम करावा लागला, तो विरक्तीमुळे नव्हे तर दारे बंद असल्यामुळे. मंदिराचे दार साने गुरुजींच्या उपोषणानंतर 1947 मध्ये खुले झाले. निवाऱ्याचे दार मात्र त्यापूर्वीच गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधून उघडले होते, आणि ती वास्तू त्यांनी 1949 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती दिली. त्याच संस्थेने 1950 मध्ये संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, महाविद्यालय सुरू केले, ते आज मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाते.

गाडगेबाबांचे चरित्र या प्रश्नाचे सर्वांत पूर्ण उत्तर आहे. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, परंतु त्यांपैकी एकीतही स्वतःसाठी वा कुटुंबासाठी हक्काची खोली ठेवली नाही, आणि 20 डिसेंबर 1956 रोजी त्यांचे देहावसानही प्रवासातच झाले. स्वतःसाठी उघडे आभाळ आणि दुसऱ्यासाठी बांधलेले छप्पर, अशी त्यांची वाटणी होती. वैराग्य ही स्वतःकडून घ्यायची गोष्ट आहे, दुसऱ्याकडून मागायची नव्हे, आणि दुसऱ्याच्या वाट्याला करुणाच यायला हवी, हा विचार त्या वाटणीमागे आहे. संभाजीनगरातील पाणचक्कीलाही याच वृत्तीचा आधार आहे. बाबा शाह मुसाफिर या नक्शबंदी परंपरेतील सूफीच्या दर्ग्यालगत असलेल्या या चक्कीला शहराबाहेरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणले गेले आणि त्या पाण्याच्या जोरावर फकिरांसाठी व वाटसरूंसाठी पीठ दळले जाई. फकिराने काही बाळगू नये, पण त्याच्यासाठी कोणीतरी दळण दळावे लागते, हे ओळखूनच ही व्यवस्था केली गेली.

हा सारा विचार आजच्या काळात सर्वांत तीव्रपणे पंढरपूरच्या वाळवंटात कसाला लागला. वाळवंट म्हणजे चंद्रभागेचे वाळूचे पात्र. तेथे राहुट्या ठोकून राहण्याची वारकऱ्यांची पिढ्यान्पिढ्यांची रीत होती आणि जमिनीवर कोणाचीही मालकी नसल्याने तेथे लहानथोरांचा भेदही उरत नसे. वारीच्या काळात साचणारी मानवी विष्ठा सफाई कामगारांना हाताने उचलावी लागते, हा प्रश्न घेऊन हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि 2014-15 च्या सुमारास न्यायालयाने वाळवंटातील राहुट्यांवर निर्बंध घातले. पुढे भजन-कीर्तनासाठी ठरावीक दिवस अटींवर मोकळीक मिळाली. दिंड्यांच्या मुक्कामासाठी नदीपलीकडे 65 एकर जागा विकसित करण्यात आली, तिला भक्तिसागर म्हणतात, आणि तेथे दिंड्यांना भूखंड, पाणी व शौचालये पुरवली जातात. या बदलाने अनेक वारकऱ्यांना दुःख झाले आणि ते दुःख खरे होते, कारण नदीच्या कुशीतला मुक्काम हा त्यांच्या उपासनेचाच भाग होता. परंतु ज्या संप्रदायाने माणसामाणसांतला भेद अमंगळ मानला, त्याच्या यात्रेची घाण एका विशिष्ट जातीच्या माणसांनी हाताने उचलावी, ही गोष्ट त्या संप्रदायाच्या गाभ्याशीच विसंगत होती. विनयाच्या काळी तुडवले जाणारे गवत होते, आता वाकून घाण उचलणारा माणूस होता; प्रश्न मात्र एकच होता की एकाच्या मोकळ्या मुक्कामाचा भार दुसरा कोण वाहतो.

पैठणच्या नाथषष्ठीला गोदावरीच्या पात्रात उतरणाऱ्या दिंड्यांना, ज्येष्ठात पैठणहून पंढरपूरकडे निघणाऱ्या एकनाथांच्या पालखीसोबत गावोगावी मुक्काम करणाऱ्या वारकऱ्यांना, आणि सुटीच्या दिवशी नाथसागराच्या काठावर, म्हैसमाळच्या पठारावर किंवा 1986 मध्ये अभयारण्य घोषित झालेल्या गौताळा-औट्रमघाटाच्या आसपास तंबू ठोकू पाहणाऱ्या शहरी मंडळींना हीच कसोटी लागू आहे. नाथांच्या चरित्रपरंपरेत गोदावरीच्या तापलेल्या वाळूत रडणारे अस्पृश्य समजल्या गेलेल्या घरातले मूल त्यांनी उचलून घेतल्याची कथा सांगितली जाते. ज्या वाळूवर आपण मुक्काम करतो तिच्यावर आणखी कोणाचे पाय पोळतात हे पाहणे, हा त्या कथेचा आजच्या वाटसरूसाठीचा अर्थ आहे. जंगलात निजण्याची ओढ खोटी नाही. भिंती नसलेल्या रात्री माणसाला स्वतःच्या लघुत्वाची जाणीव होते आणि ती जाणीव धर्माच्या मुळाशी आहे. परंतु प्लास्टिक, काचा, चुलीची राख आणि उघड्यावरचा मळ मागे ठेवून जाणारा माणूस फुकट राहिलेला नसतो. त्याने आपले देणे रानातल्या जनावरावर, शेजारच्या शेतकऱ्यावर किंवा सफाई कामगारावर ढकललेले असते. तसेच शुल्क भरून बंदिस्त जागेत राहणाराही केवळ पैसे दिले म्हणून ऋणातून सुटत नाही, विशेषतः त्या जागेचे दार पैशाने किंवा जातीने कोणासाठी तरी बंद ठेवले असेल तर.

म्हणून या प्रश्नाचा निर्णय छपराच्या असण्यानसण्यावरून करता येत नाही. उघड्यावरचा मुक्काम धर्म्य ठरतो तो दोन अटींवर : राहणाऱ्याने तो स्वेच्छेने पत्करलेला असावा, आणि त्याचा भार गवतापासून माणसापर्यंत कोणावरही पडू नये. बांधलेला निवारा धर्म्य ठरतो तोही दोन अटींवर : त्याचे दार पुढे येणाऱ्या कोणालाही खुले असावे, आणि आत राहणाऱ्याने तो आपला मानू नये. जेथे या अटी पाळता येत नाहीत तेथे ठरवून दिलेल्या जागी राहणे हेच अधिक विरक्त आचरण आहे, आणि वाटसरूने ते कमीपणा न मानता स्वीकारावे.