दुसरे मूल कोणासाठी?

पहिले मूल बालवाडीत जाऊ लागले, की त्याच्या आईवडिलांना एक प्रश्न ठरून विचारला जातो. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात, लग्नाच्या मांडवात, विरार लोकलच्या गर्दीत, कुठेही. ‘आता दुसऱ्याचं काय?’ या प्रश्नाची उत्तरेही ठरलेली आहेत. ‘हो, याला सोबत हवीच ना!’ ‘एकुलते एक मूल हट्टी होते.’ ‘उद्या आम्ही नसू, तेव्हा एकमेकांना आधार होईल.’ आणि पहिली मुलगी असेल, तर एक उत्तर न उच्चारताही समजते. ही सारी उत्तरे नीट ऐकली, तर एक गोष्ट ध्यानात येते. जे मूल जन्माला यायचे आहे, त्याच्याविषयी यात एकही शब्द नाही. ते कोणाची तरी सोबत म्हणून येणार आहे, कोणाचा तरी आधार म्हणून, कोणाची तरी उणीव भरून काढण्यासाठी. मग ते स्वतःसाठी कधी येणार?

आपल्या आजीला हा प्रश्न पडला नाही. तिच्या घरात सात-आठ मुले वाढली आणि दुसरे का, तिसरे का, असे तिला कोणी विचारले नाही. मुले होत गेली, ती देवाची देणगी म्हणून स्वीकारली गेली आणि वाडीत, विहिरीवर, ओटीवर एकमेकांच्या अंगाखांद्यावर मोठी झाली. आज चित्र निराळे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतात एका स्त्रीमागे सरासरी २.० मुले, महाराष्ट्रात १.७ आणि गोव्यात १.३ असे प्रमाण आहे. याचा अर्थ असा, की दुसरे मूल आता गृहीत धरले जात नाही. ते ठरवून येते, किंवा ठरवून येत नाही. आणि माणूस जे ठरवून करतो, त्याची कारणे त्याला द्यावी लागतात. म्हणूनच आजीच्या काळी जो प्रश्न नव्हता, तो आज नीतीचा प्रश्न झाला आहे.

मूल किती असावीत, याचा अंतिम निर्णय पतिपत्नींनीच देवासमोर घ्यावयाचा आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट केले. त्यामुळे आवारात उभे राहून तो प्रश्न विचारणाऱ्यांना खरे पाहता तो अधिकार नाही. ज्या जोडप्याने मागच्याच महिन्यात एक गर्भ गमावला आणि कोणाला सांगितले नाही, त्यांच्या काळजाला हा प्रश्न कसा लागतो, याची कल्पना विचारणाऱ्याला नसते. एकाच मुलावर ज्यांचे कुटुंब पूर्ण झाले, त्यांच्याविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. जेथे दुसरे मूल येते, त्या घराविषयी हा विचार आहे.

इमॅन्युएल कान्ट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ साली नीतिशास्त्राचा एक निकष मांडला. माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये, तो स्वतःच साध्य आहे, असा त्याचा आशय. त्यातला ‘केवळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आपण एकमेकांच्या उपयोगी पडतच जगतो. शेतकरी बापाला मुलगा बैलामागे उभा राहिलेला हवा असे, आणि त्यात काही पाप नव्हते. पहिल्याला खेळगडी मिळावा म्हणून आईवडिलांनी दुसऱ्याची इच्छा धरली, तर तीही स्वाभाविकच आहे. निर्मळ, निरपेक्ष हेतूने कोणाच्याही घरी पाळणा हललेला नाही. तेव्हा दोष हेतूत नाही. जन्मानंतरही त्या मुलाकडे त्याच हेतूच्या चष्म्यातून पाहत राहणे, हा दोष आहे. सोबतीसाठी आलेले मूल अबोल, एकलकोंडे निघाले तर? आधार म्हणून आलेले मूल स्वतःच जन्मभर आधाराची गरज घेऊन आले तर? मुलाच्या आशेने झालेली दुसरी मुलगी झाली तर? भारत सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीने अशा ‘नकोशा’ मुलींची संख्या सुमारे २ कोटी १० लाख असल्याचा अंदाज दिला होता. या मुली जगल्या, वाढल्या, पण त्यांच्या जागी दुसऱ्याच कोणाची तरी वाट पाहिली जात होती. ख्रिस्ती घरे यातून पूर्णपणे मुक्त आहेत, असे छातीवर हात ठेवून म्हणता येईल काय?

बाप्तिस्म्याच्या विधीत धर्मगुरू आईवडिलांना सर्वप्रथम मुलाचे नाव विचारतात. हे मूल कोणासाठी आले, हा प्रश्न त्या विधीत नाही. ते कोण आहे, एवढेच विचारले जाते. घरानेही तेवढेच विचारावे.

आता पहिल्या मुलाकडे वळू. कारण साधन होण्याची पाळी लवकरच त्याच्यावरही येते.

संत आगुस्तीनने आपल्या ‘कन्फेशन्स’च्या पहिल्या भागात एका तान्ह्या मुलाचे वर्णन केले आहे. त्याला बोलताही येत नव्हते. पण त्याच स्तनावर पिणाऱ्या दुसऱ्या बाळाकडे ते पांढरे पडून, कडवट नजरेने पाहत होते. दूध भरपूर असताना ही असूया का, असा आगुस्तीनचा प्रश्न आहे, आणि माणसाच्या पापप्रवण स्वभावाची खूण त्याला त्यात दिसते. त्या थोर संताबद्दल पूर्ण आदर ठेवून असे म्हणावेसे वाटते, की दूध भरपूर आहे हे आगुस्तीनला ठाऊक होते, त्या बाळाला ठाऊक नव्हते. त्याला एवढेच दिसत होते, की आपली जागा कोणीतरी घेतली आहे. आल्फ्रेड अॅडलर या मानसशास्त्रज्ञाने पहिल्या मुलाच्या या स्थितीला सिंहासनावरून उतरवलेल्या राजाची उपमा दिली. अॅडलर स्वतः घरातला दुसरा मुलगा होता, हे येथे नमूद करण्याजोगे आहे.

या पदच्युत राजाशी आपण कसे वागतो? बाळ घरी येते, पाहुणे झबली-टोपडी घेऊन येतात, आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला प्रत्येकजण सांगतो, ‘आता तू दादा झालास हं!’ काल तो स्वतःच्या नावाचा होता, आज तो एका पदाचा झाला. आपली भाषा येथे मोठी चलाख आहे. ‘ताई’ आणि ‘दादा’ हे शब्द प्रेमाचे खरे, पण ते एका रात्रीत कर्तव्याचे शब्द होतात. ‘तू मोठी आहेस ना, दे तिला ते खेळणे.’ ‘तू मोठा आहेस ना, रडू नकोस.’ ती मोठी झालेली नसते. ती काल होती तेवढीच असते. तिच्या शेजारी कोणीतरी तिच्याहून लहान आले, एवढेच. आणि ती मुलगी असेल, तर आठव्या वर्षी तिच्या कडेवर भावंड आणि दहाव्या वर्षी हातात दुधाची बाटली येते. तिच्या समंजसपणाचे कौतुक सारे करतात. त्या समंजसपणासाठी तिने काय दिले, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. ‘याला सोबत हवी’ म्हणून दुसरे आणले आणि ‘याला सांभाळ’ म्हणून पहिल्याला राबवले, तर दोन्ही मुले एकमेकांची साधने झाली. आईवडील मात्र प्रेमळच राहिले.

यावर नेहमीचे समाधान असे, की प्रेम वाटल्याने कमी होत नाही. हे वाक्य खरे आहे, पण अर्धे. लिज्यूच्या संत तेरेजाने आपल्या आत्मकथेत लहानपणीची एक आठवण सांगितली आहे. स्वर्गात देव सर्वांना सारखे वैभव देत नाही, याची तिला खंत वाटे. तिची मोठी बहीण पोलिन हिने वडिलांचा मोठा पेला आणि तेरेजाचे शिवणकामाचे इवलेसे अंगुस्तान शेजारी ठेवले, दोन्ही पाण्याने काठोकाठ भरले आणि विचारले, यातले जास्त भरलेले कोणते? छोट्या तेरेजाला उत्तर मिळाले. नऊ भावंडांत ती शेवटची. त्यांतील चार बालपणीच निवर्तली. तिच्या आईवडिलांना, लुई आणि झेली मार्टिन यांना, २०१५ साली संतपद देण्यात आले. न्याय म्हणजे सारखे माप नव्हे, ज्याचे त्याचे भांडे भरणे, हे मोठ्या बहिणीने धाकटीला शिकवले, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

परंतु देवाजवळ पाणी अमर्याद आहे, आईजवळ नाही. प्रेम वाटले जात नसेल. पण मांडी वाटली जाते. रात्रीची झोप वाटली जाते, पगार वाटला जातो, खोलीतला पलंग वाटला जातो. मुलाला प्रेम ही कल्पना कळत नाही, त्याला मांडी कळते. ‘आम्ही तुझ्यावर पूर्वीइतकेच प्रेम करतो’ असे त्याला सांगताना आईच्या मांडीवर दुसरे कोणी असेल, तर त्याने कशावर विश्वास ठेवावा? म्हणून पहिली गरज आहे ती खरे बोलण्याची. ‘होय, तुझा वेळ कमी झाला. तुला वाईट वाटते ते बरोबर आहे. बाळाला अजून मान धरता येत नाही, म्हणून त्याला घ्यावे लागते.’ तीन वर्षांच्या मुलाला हे समजते. ज्यूडी डन आणि कॅरल केंड्रिक या संशोधिकांनी केंब्रिज परिसरातील ४० कुटुंबांमध्ये दुसऱ्या मुलाच्या आगमनाचा अभ्यास केला आणि १९८२ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यात त्यांना असे आढळले, की ज्या आया नव्या बाळाविषयी पहिल्या मुलाशी माणसासारखे बोलत, त्याला काय हवे असेल, ते का रडत असेल, असे विचारत, त्यांच्या घरी पुढे भावंडांचे परस्परांशी अधिक सख्य होते. येथे पहिल्या मुलाला राबवलेले नाही, विचारात घेतलेले आहे. ‘बाळाला धर’ आणि ‘बाळाला काय झाले असेल, तुला काय वाटते?’ या दोन वाक्यांत हाच फरक आहे.

दुसरी गरज आहे ती बापाची. पूर्वी बाळंतिणीच्या सव्वा महिन्यात घरात सासू, नणंद, जाऊ असत. थोरल्याला कोणी ना कोणी कडेवर घेई. आज दोन खोल्यांच्या सदनिकेत तसे कोणी नाही. २०१७ सालच्या कायदा दुरुस्तीने नोकरदार आईला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा दिली; बापाचा विचार त्या कायद्याने केला नाही. पहाटेची गाडी पकडून चर्चगेटला जाणारा बाप रात्री थकून येतो, हे खरे. तरी तो जो अर्धा तास देऊ शकतो, तो कोणाला द्यावा? बहुतेक बाप थोरल्याला फिरायला नेतात आणि आपले कर्तव्य झाले असे मानतात. त्याऐवजी एखादे दिवशी त्याने तान्हे स्वतःच्या खांद्यावर घ्यावे आणि आईला पहिल्याजवळ मोकळी बसू द्यावी. त्या मुलाने जे गमावले, ते बापाबरोबरचे फिरणे नव्हते.

पोप फ्रान्सिस हे पाच भावंडांत थोरले. ११ फेब्रुवारी २०१५ रोजीच्या प्रबोधनात त्यांनी आपल्या आईची आठवण सांगितली. तुझे सर्वांत लाडके कोण, असे विचारले की ती हाताची पाच बोटे दाखवी; कोणत्याही बोटाला मारले तरी दुखणारच, असे तिचे म्हणणे असे. बोटांची ही उपमा आपल्याही घरांत परकी नाही. बोटे सारखी नसतात आणि एकाचे काम दुसरे करत नाही. पण एका बोटाला दुसऱ्यासाठी जन्माला घातलेले नसते. ती सारी एका हाताची असतात.

उधळ्या पुत्राच्या बोधकथेत आपले लक्ष नेहमी धाकट्याकडे जाते. थोरल्याकडे पाहावे. घरात गाणेबजावणे चालू आहे, आणि तो रागाने अंगणात उभा आहे. त्याची तक्रार हिशेबाची आहे, पण तिच्या मुळाशी दुःख आहे: इतकी वर्षे मी राबलो, माझ्यासाठी काय केलेत? बाप त्याला ‘तू मोठा आहेस ना, समजून घे’ असे म्हणत नाही. तो मेजवानी सोडून बाहेर येतो. जसा धाकट्यासाठी धावला, तसा थोरल्यासाठीही तो स्वतः अंगणात येतो, त्याला विनवतो आणि सांगतो, की जे माझे आहे ते सारे तुझेच आहे. आधी त्याची जागा त्याला दाखवून दिली जाते. मग त्या आलेल्याला ‘तुझा भाऊ’ म्हटले जाते. तो थोरला आत गेला की नाही, हे शुभवर्तमान सांगत नाही. भावंडांचे प्रेम आईवडिलांना करून देता येत नाही, ते त्यांचे त्यांनाच करावे लागते. पाळणा सजवून झाला, पाहुणे गेले, की जो रुसून बाहेर उभा आहे त्याच्याकडे आपणही जावे. तो किती वेळ तिथे उभा आहे, हे आपल्याला माहीत असायला हवे.