बिफोरचा फोटो

मागच्या दिवाळीत आमच्या वाशिंदच्या घरासमोर एका टेम्पोतून होडी उतरली. चौदा फूट लांब, अल्युमिनियमची, जागोजागी डांबर फासलेली. शेजारच्या काकूंनी विचारलं, "का रे, यंदा पूर येणारे का?" भातसा नदी इथून लांब नाही, त्यामुळे प्रश्न पूर्ण गमतीचा नव्हता.

होडी माझ्या मामाची. नदीच्या वरच्या अंगाला त्याचं गाव आहे. भातशेती मुख्य, आणि उरलेल्या वेळात मासे. वीसेक वर्षं त्याने या होडीतून जाळी टाकली. मग गुडघे गेले. होडी गोठ्यामागे उलटी पडून राहिली आणि कोंबड्या तिच्याखाली अंडी घालायला लागल्या. माझा मामेभाऊ भिवंडीला गोदामात कामाला आहे, त्याला होडीशी देणंघेणं नाही. त्याने भंगारवाल्याला बोलावलं. काट्यावर वजन भरलं ८४ किलो. आई त्या दिवशी माहेरी होती. तिने मला फोन केला आणि एवढंच म्हणाली, "तुझ्या मामाची होडी चाललीय." भंगारवाला जेवढे देत होता तेवढे मी मामेभावाला जीपे केले आणि होडी घेऊन आलो.

मामासाठी आणली, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते अर्धंच खरं होतं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आठवड्यातले दोन दिवस लोकलने ऑफिसला जातो, बाकीचे दिवस घरून काम. वर्षभर राबून मी जे करतो ते हातात धरता येत नाही. रात्री यूट्यूबवर गॅरेजमध्ये जुन्या होड्या दुरुस्त करणाऱ्या अमेरिकन काकांचे व्हिडिओ बघत झोपायची मला सवय लागली होती. शेवटी बिफोर आणि आफ्टर असे दोन फोटो शेजारी शेजारी येतात, ते बघून मला विलक्षण शांत वाटायचं. मला तसे दोन फोटो हवे होते.

आपल्याकडे मासेमारीला अल्युमिनियमची होडी तशी क्वचितच. किनाऱ्यावर आधी लाकूड होतं, आता फायबर आलं. उजनीसारख्या धरणांवर पत्र्याच्या होड्या असतात, नाहीतर थर्माकोलचे तराफे, नाहीतर हवा भरलेल्या ट्रकच्या ट्यूबवर बसलेला माणूस. मामाची होडी मुळात मासेमारीसाठी बनलेलीच नसावी. त्याने ती कल्याणच्या एका भंगारवाल्याकडून घेतली होती. हिरव्या रंगाच्या तीन थरांखाली मला भगवट नारिंगी रंग सापडला, पुराच्या वेळी बाहेर काढतात त्या बचावाच्या बोटींचा.

आणि ती चालायची कुठे, तर भातसा नदीत. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर, त्यातलं ७,१७,०३७ म्हणजे जवळपास निम्मं एकट्या भातसा धरणात. हे पाणी धरणातून नदीत सोडतात आणि खाली पिसे इथे उचलून मुंबईला नेतात. म्हणजे मुंबईच्या पाइपलाइनचा काही भाग चक्क नदी आहे. शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर मे महिन्यात टँकर येतो, आणि नदी मात्र वाहत असते. मामाची उन्हाळ्यातली मरळ आणि चिलापी मुंबईच्या तहानेवर पोसलेली होती. यावर खरं तर वेगळा लेख लिहायला हवा.

कामाला सुरुवात केली. होडी कुठे गळते हे शोधायची सोपी रीत म्हणजे ती विटांवर ठेवायची, आत पाणी भरायचं आणि खालून जिथे थेंब येईल तिथे खडूने गोल करायचा. एक्केचाळीस गोल झाले. बरेचसे जुन्या रिव्हेटांपाशी, काही मामाच्या ठिगळांपाशी. ठिगळं काय काय होती! डांबर, एमसील, तेलाच्या डब्याचा पत्रा, आणि लोखंडी नटबोल्ट. लोखंडी बोल्ट बघून मी कपाळाला हात लावला. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये पाणी आलं की त्यांची बॅटरी बनते. अल्युमिनियम आणि लोखंड एकत्र आले तर लोखंड शाबूत राहतं आणि अल्युमिनियम झिजतं. बोल्टांभोवती पांढरी पूड धरली होती, पत्रा बोटाने दाबला तर आत जात होता. नदीचं पाणी गोडं म्हणून होडी वीस वर्षं टिकली, समुद्रात दोन-तीन वर्षांत चाळण झाली असती.

मी मोठ्या उत्साहाने बाबांना हे सगळं समजावत होतो. बाबा ऐकत होते आणि पाना फिरवत होते. मग म्हणाले, "हा बघ, याच्याखाली काही झालं नाही." खरंच. आठ बोल्टांच्या खाली मामाने सायकलच्या ट्यूबचे गोल तुकडे कापून बसवले होते, वरून आणि आतून. तिथला पत्रा बऱ्यापैकी धड होता. ज्या बोल्टांना रबर नव्हतं तिथेच पत्रा खाल्ला गेला होता. दोन धातूंच्या मध्ये वीज न वाहू देणारं काहीतरी घाला, हा पुस्तकातला उपाय. मामाला गॅल्व्हॅनिक हा शब्द माहीत असण्याचं कारण नाही. आधीच्या बोल्टांचं काय झालं ते त्याने पाहिलं असणार आणि नंतरच्यांना रबर लावलं असणार. ठिगळं कोणत्या क्रमाने पडली ते त्यावरून वाचता येत होतं.

मी ते वाचलं, कौतुक वाटलं, आणि सगळं काढून टाकलं. डांबर रॉकेलने आणि हीट गनने. बोल्टांच्या जागी भरीव अल्युमिनियमचे रिव्हेट. बाहेरून मी हातोडा मारायचो आणि आतून बाबा लोखंडी ठोकळा धरून बसायचे. चार रविवार आम्ही गल्लीची दुपारची झोप उडवली. काठावर एक खोलगट ठेच होती, ती आसनगावच्या आर्गन वेल्डिंगवाल्याकडून भरून घेतली आणि पॉलिश पेपरने सपाट केली. अल्युमिनियमवर रंग सरळ धरत नाही, म्हणून आधी एच प्रायमर आणि मग निळा रंग. होळीपर्यंत होडी नवी झाली. फोटो टाकले. माझ्या कुठल्याही पोस्टला इतके लाइक कधीच मिळाले नव्हते. एकाने लिहिलं, "भावा, काय भंगार होतं आणि काय केलंस!"

ती कमेंट मी दोन-तीनदा वाचली. बिफोरच्या फोटोत मामाची वीस वर्षं होती.

अशा वेळी थीसिअसच्या जहाजाची गोष्ट सांगायची पद्धत आहे. एकेक फळी बदलत गेलं तर जहाज तेच राहतं का? प्लुटार्कने हा वाद नोंदवला. पुढे हॉब्जने त्यात भर घातली, की काढलेल्या फळ्या कोणी जमवून दुसरं जहाज बांधलं तर खरं कोणतं? आता तर यावर मीमही आहेत. पण आपल्याला ग्रीसला जायची गरज नाही. विक्रांत ही विमानवाहू युद्धनौका १९६१ साली नौदलात आली, १९९७ साली निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षं संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ साली भंगारात निघाली. तिचं थोडं पोलाद वितळवून बजाजने २०१६ मध्ये व्ही नावाची मोटरसायकल काढली. माझ्या एका मित्राकडे ती आहे, तो पेट्रोल टाकी थोपटून "ही विक्रांत" म्हणतो. आणि २०२२ च्या सप्टेंबरमध्ये कोचीला बांधलेली नवी नौका दाखल झाली, नाव तेच, क्रमांकही तोच, आर ११. धातू एकीकडे गेला, नाव दुसरीकडे. हॉब्ज खूश झाला असता.

मला मात्र दुसऱ्या एका जहाजाने जास्त छळलं. एचएमएस ट्रिंकोमाली. १८१७ साली मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांच्या देखरेखीखाली मलबारच्या सागवानातून हे जहाज बांधलं गेलं. १८९७ साली ते भंगारात विकलं गेलं. तिथून एका हौशी माणसाने ते विकत घेतलं, त्याचं नाव 'फूद्रॉयां' ठेवलं आणि त्यावर मुलांना जहाजाचं शिक्षण द्यायची सोय केली. १९८६ पर्यंत, ऐंशीहून जास्त वर्षं, ते तरंगती शाळा होतं. मग इंग्लंडमधल्या हार्टलपूलला त्याची दुरुस्ती सुरू झाली. १९९२ साली जुनं नाव परत दिलं, २००१ साली काम संपलं, आणि आज ते तिथे लढाऊ जहाजाच्या रूपात पाण्यावर उभं आहे. ते वाचलं याचा मुंबईकर म्हणून आनंदच आहे. पण लढाऊ जहाज म्हणून ते जितकं जगलं त्याहून कितीतरी जास्त शाळा म्हणून जगलं. दुरुस्ती करताना कुठल्या तरी एका तारखेवर बोट ठेवावं लागतं, की या दिवशी हे जहाज बरोबर होतं. त्यानंतर जे झालं ते आपोआप बिघाड ठरतं. ती तारीख फुटपट्टीने ठरत नाही.

मी कोणती तारीख निवडली होती? कारखान्यातून बाहेर पडली ती. त्या दिवशी होडी कोणाचीच नव्हती.

आमच्या धंद्यात याची सोय आहे. पहिल्या नोकरीत मी जुन्या कोडमधली एक विचित्र अट निरर्थक समजून उडवली होती. महिनाअखेरीला त्या अटीचा अर्थ मला रात्री दोन वाजता कळला. पण निदान गिट होतं. कोणती ओळ कोणी, कधी, काय म्हणून लिहिली हे दिसतं, चूक उलटी फिरवता येते. होडीला गिट नाही. तिच्यावरचे बोल्ट आणि रबराचे तुकडे हाच तिचा इतिहास, आणि तो मी हीट गन लावून काढला होता.

या विचाराने मी इतका हळवा झालो, की आठवडाभर खरंच मनात घोळत होतं: एखादं ठिगळ परत लावावं का? निदान एक डांबराचा डाग? बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की तो विषय तिथेच संपला. गळणारी होडी ही काही आठवणींची वही नाही, तिच्यात बसलेला माणूस बुडतो. आणि भंगारात गेली असती तरी ती नष्ट झाली नसती. जुनं अल्युमिनियम वितळवायला नव्याच्या पाच टक्के ऊर्जा लागते, त्याची पातेली होतात, त्यात कोणाच्या तरी घरी भात शिजतो. ते वाईट म्हणता येणार नाही. मी उगाच स्वतःला तारणहार समजत होतो का, हेही मग वाटायला लागलं.

मे महिन्यात एका लग्नासाठी मामा वाशिंदला आला. मी अंगणातलं ताडपत्रीचं आवरण काढलं. खरं सांगतो, मला भीती वाटत होती. मामा होडीभोवती एक चक्कर मारून आला. तळावर बुक्की मारून आवाज ऐकला.

"गळत नाय?"

"नाही मामा. पाणी भरून बघितलं."

"बरं केलंस. ते डांबर लई तरास द्यायचं. दर साली लावा."

मी म्हटलं, "तुझे बोल्ट ठेवायला हवे होते का रे? त्यातले आठ चांगले होते."

"बोल्ट कशाला ठेवायचे?" तो हसला. "सोडायला इसरलो तर मासा काय जास्त लागतो?"

इतके महिने मी ज्यांचं सुतक पाळलं होतं त्या ठिगळांचं त्याला काहीच नव्हतं. मी पुरता निवांत झालो. मग तो कसाबसा गुडघे दुमडत आत गेला आणि मागच्या फळीवर बसला. मामा डावखुरा आहे. त्याचा डावा हात आपोआप काठावर गेला, पुढे सरकला, परत मागे आला. पुन्हा पुढे. काहीतरी शोधत होता.

"खाच कुठं गेली?"

मला कळायला थोडा वेळ लागला. जाळ्याचा दोर ओढताना तो सरकू नये म्हणून त्याने काठावर खाच पाडली होती. एका हाताने दोर खाचेत अडकवायचा, दुसऱ्याने मासा सोडवायचा. एकटा माणूस होडीत असला की तिसरा हात लागतोच, तो तिसरा हात म्हणजे ती खाच. मी जिला ठेच समजून आसनगावहून भरून आणली होती ती.

"ती मी बुजवली, मामा."

"बुजवलीस?" तो चिडला नाही, त्याला नुसतं नवल वाटलं. "कशाला?"

मी काही बोललो नाही. मोबाइल काढला, बिफोरचा फोटो उघडला आणि झूम करून बघायला लागलो, की नेमकी कुठे होती. फळीपासून साधारण दीड वीत असेल. मी त्याला स्क्रीन दाखवली. त्याने ती हातानेच बाजूला सारली. डोळे थोडे मिटून तो नदीत बसल्यासारखा पुढे झुकला, डावा हात लांब केला आणि जिथे पोचला तिथे अंगठ्याच्या नखाने निळ्या रंगावर रेघ मारली. फोटोतल्या जागेपेक्षा ती चार बोटं मागे होती.

"आता हात इथवरच येतो," तो म्हणाला. "कानस हाय का घरात? गोल?"

गोल कानस नव्हती. बाबांनी आतून चपटी आणून दिली. मामाने ती उलटीसुलटी करून पाहिली, नाक मुरडलं आणि कोपऱ्याने घासायला सुरुवात केली.