ऐकण्याचं शिक्षण

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करायला मन मोठं लागतं, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. इंदूरमध्ये समाजकार्य शिकताना मला हे म्हणणं अर्धवट वाटू लागलं. मोठं मन हवंच. पण सुताराला रंधा चालवायला जसं कुणाच्या तरी हाताखाली शिकावं लागतं, तसं दुसऱ्याचं दुःख ऐकणंही शिकावं लागतं.

हे शिक्षण या शहराला नवं नाही. मुंबईत १९३६ मध्ये आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची सुरुवात झाली आणि इंदूर स्कूल ऑफ सोशल वर्क १९५१ मध्ये उभं राहिलं. या अभ्यासक्रमाचा कणा म्हणजे क्षेत्रकार्य. वस्तीत किंवा रुग्णालयात जायचं, परतल्यावर झालेलं बोलणं आठवून लिहायचं आणि ते पर्यवेक्षकांसमोर ठेवायचं. समोरचा माणूस बोलता बोलता थांबला तेव्हा आपण थांबलो की सल्ला देऊन मोकळे झालो, हे त्या कागदावर स्पष्ट दिसतं.

मनोविकार विभागात डॉक्टर निदान करतात, औषध लिहून देतात. पण पुढच्या खेपेला रुग्णाला घेऊन कोण येणार? त्या दिवसाची मजुरी बुडली तर? सून आजारी नाही, कामचुकार आहे, असं घरानं ठरवूनच टाकलं असेल तर? इंदूरच्या मराठी घरांतही हे नवं नाही. बहिणीचं लग्न जमेपर्यंत भावाचा आजार झाकून ठेवायचा, म्हणून उपचार लांबत जातात. अशा घरात पाऊल टाकून कुणालाही दोषी न ठरवता बोलणं, हे कौशल्य आहे.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, आजाराच्या प्रकाराप्रमाणे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून राहतात. केवळ मनोविकारतज्ज्ञांच्या बळावर ही दरी भरून निघणारी नाही. गोव्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगथ’नं वेगळी वाट धरली. तिथं मानसोपचाराचं औपचारिक शिक्षण नसलेल्या स्थानिक लोकांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं गेलं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठकांमध्ये त्यांची मदत झाल्याचं २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. आपल्या मध्य प्रदेशातल्या सीहोर जिल्ह्यातही या संस्थेनं काम केलं आहे. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते यातलं पर्यवेक्षण. बैठकांची ध्वनिमुद्रणं ऐकून समुपदेशक एकमेकांचं काम जोखत. त्यांच्या सद्भावनेला शिस्तीचा आधार होता.

अशी शिकलेली माणसं हाताशी असतील, हे कायदाही गृहीत धरतो. घरच्यांनी स्वीकारलं नाही एवढ्याच कारणानं कुणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असं २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. मग त्या घराशी बोलणारं, परतीची वाट तयार करणारं माणूस हवं. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांविषयीच्या २०२१ च्या कायद्यानं मनोविकार क्षेत्रातल्या समाजकार्यकर्त्यांना आरोग्य व्यावसायिकांत स्थान दिलं. आता तशी माणसं घडवायला हवीत.

म्हणून मला वाटतं, हे शिक्षण पदव्युत्तर वर्गापुरतं राहू नये. तंत्रनिकेतनात मुलं यंत्रासमोर उभी राहून, करून बघत शिकतात. मानसिक आरोग्य सेवकाचा पदविका अभ्यासक्रमही त्याच पद्धतीनं शिकवता येईल. बारावी झालेली खेड्यातली मुलगी तो पुरा करून आपल्याच तालुक्यात काम करू शकेल. मात्र तिच्यासाठी पगाराची जागा आणि पाठीशी जाणता पर्यवेक्षक, या दोन्हींची तरतूद आधी व्हायला हवी.