न फोडता जाणता येईल काय?

एखाद्या वस्तूचे अंतरंग जाणावयाचे तर ती फोडून पाहावी, ही मनुष्याची जुनी सवय आहे. वरवट बकालच्या काळ्या मातीत वाढलेले मूल कपाशीचे हिरवे बोंड नखाने उकलून कापूस धरला की नाही हे पाहते. त्याला उत्तर मिळते, पण बोंड नासते. माणसांना जाणून घेतानाही ही किंमत मोजावी काय, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यासाठी प्रथम थोडे भौतिकशास्त्राकडे वळू.

अणूच्या केंद्रकात प्रोटॉन व न्यूट्रॉन असतात. त्यांच्या पोटात क्वार्क असतात आणि क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या कणांना ग्लुऑन म्हणतात. ग्लुऑनांचा पुरावा १९७९ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे मिळाला. हे कण सुटे असे कधीच हाती लागत नाहीत. मग ते मोजावे कसे?

जिनीव्हाजवळ २७ किलोमीटर परिघाच्या भुयारात शिशाची केंद्रके जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने समोरासमोर सोडली जातात. टक्कर झाली की हजारो कणांचा धुरळा उडतो. काही केंद्रके मात्र एकमेकांना न शिवता जवळून निघून जातात. वेगवान विद्युतभारित कणाभोवतीचे क्षेत्र प्रकाशकणांच्या झोतासारखे वागते, असे फेर्मी यांनी १९२४ मध्येच मांडले होते. त्याप्रमाणे एका केंद्रकाचा प्रकाशकण दुसऱ्यातील ग्लुऑनांना भिडतो आणि जे-साय नावाचा कण जन्मतो. प्रकाश झेलणारे केंद्रक अखंड राहू शकते. त्याच्या अंतरंगाची वार्ता तो नवा कण आणतो.

या रीतीची मापने सीएमएस प्रयोगाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केली. मुंबईतील कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था त्या प्रयोगात सहभागी आहे. शिशाच्या केंद्रकात २०८ प्रोटॉन-न्यूट्रॉन असतात. ते सुटे आहेत असे मानून बेरीज केली असता जेवढे जे-साय मिळावयास हवे होते, त्याहून कमी मिळाले. याच्या कारणाविषयी अद्याप एकमत नाही. परंतु एकत्र नांदणारा प्रोटॉन एकट्या प्रोटॉनासारखा राहत नाही, एवढे स्पष्ट आहे. एकत्रपणाची ही गोष्ट एकत्रपणा राखून वाचता आली.

आता आपल्या घरांकडे पाहू. एखादे मूल गप्प झाले, सून माहेराहून उदास परतली, की आपण प्रश्नांचा मारा सुरू करतो. रडू कोसळेपर्यंत विचारतो आणि जे बाहेर पडले ते सत्य मानतो. येथे भौतिकशास्त्राचा इशारा ध्यानी घ्यावा: टक्करीतून उडणारे बहुतेक कण आधी आत नसतातच, टक्करच त्यांना घडविते. भेदरलेल्या माणसाचे शब्दही कित्येकदा असेच आपल्या धक्क्याची निर्मिती असतात.

यावर कोणी विचारील, घरात कोणाला मारहाण होत असेल, तर दुरून पाहत राहावयाचे काय? मुळीच नाही. तेथे गप्प बसणे म्हणजे मारणाऱ्याला साथ देणे होय. त्या प्रयोगातही काही किंमत मोजावीच लागली. दोन्ही केंद्रके प्रकाश देतात व घेतातही; कोणाचा प्रकाश कोणावर पडला हे उकलण्यासाठी आणखी प्रकाशकणांच्या धक्क्याने केंद्रकातून निसटलेले न्यूट्रॉन मोजावे लागले. अगदी ओरखडाही न उमटविता जाणणे सदैव शक्य नसते.

तेव्हा प्रश्न विचारूच नये, असे आमचे म्हणणे नाही. विचारण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. आपल्याला जाणावयाचे आहे ते त्याच्या भल्यासाठी की केवळ आपल्या कुतूहलासाठी? आणि उत्तर मिळाल्यावर तो माणूस उद्या आपल्याबरोबर त्याच विश्वासाने जेवावयास बसेल काय? या दोहोंचे उत्तर मनासारखे नसेल, तर शेजारी बसून थोडी वाट पाहावी. बोंड आपल्या वेळेला उमलते.