शब्द खरे, समजूत खोटी



पंचशील ग्रहण करताना असत्य भाषणापासून अलिप्त राहण्याची प्रतिज्ञा आपण करतो. पण ज्यातला प्रत्येक शब्द खरा आहे आणि तरीही जे ऐकून माणूस फसतो, अशा बोलण्याला काय म्हणावे?

आपल्या सोलापूरचेच पाहा. येथे हजारो स्त्रिया घरी बसून विड्या वळतात. विडी झाडाच्या पानाची, तिच्यात कागद नाही, असे लोक म्हणतात. खरे आहे. पण त्यावरून ‘विडी सिगारेटइतकी वाईट नाही’ ही जी समजूत होते, ती साफ खोटी आहे. तेंदूचे पान नीट जळत नाही. विडी विझू नये म्हणून वारंवार झुरके घ्यावे लागतात. तिच्या धुरातून सिगारेटपेक्षा अधिक निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड छातीत जाते. नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे. सापाचे विषही नैसर्गिकच असते! तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर १९९२ साली बंदी आली, तरी ‘दात घट्ट होतात’ म्हणून मशेरी घराघरांत भाजली जातेच.

टॉवेलवर हिरवे पान छापून ‘नैसर्गिक कापूस, पर्यावरणपूरक’ असे लिहिलेले असते. कापूस नैसर्गिक आहे, हे खरे. पण शेतात औषध किती फवारले, रंगाचे पाणी कोठे सोडले, याबद्दल अवाक्षरही नाही. जे सांगितले ते खरे, जे दडवले त्यात फसवणूक.

कायदाही हेच मानतो. मधुमेह, कर्करोग बरा करतो अशी औषधांची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणारी जाहिरातसुद्धा दिशाभूल करणारीच ठरते. तिला १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पर्यावरणाचे दावे पुराव्यानिशीच करावेत, अशी मार्गदर्शक तत्त्वे २०२४ साली निघाली.

परंतु कायदा प्रत्येक दुकानात उभा राहू शकत नाही. तेथे आपली बुद्धीच उभी राहिली पाहिजे. परंपरेने चालत आले म्हणून, गुरूने सांगितले म्हणून स्वीकारू नका, हित-अहित स्वतः पारखा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. जाहिरातीला तीन प्रश्न विचारा: कशाच्या तुलनेत चांगले? पुरावा कोणी तपासला? काय सांगायचे राहिले? विकणारा आपल्याच वस्तीतला असो, ‘जयभीम’ म्हणून बाटली पुढे करो, प्रश्न तेच. उत्तर मिळाले नाही तर पैसे खिशातच ठेवा आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. ऐकणाऱ्याच्या मनात खोटे उतरावे म्हणून उच्चारलेले खरे शब्द हे असत्य भाषणच होय. विड्या वळणाऱ्या भगिनीला दोष देऊ नका, ती पोटासाठी राबते. तिला मात्र पूर्ण सत्य सांगा. ते आपण दडवले, तर जाहिरातवाल्यात आणि आपल्यात फरक तो काय राहिला?