वाटेत काय लागते?

प्रवास म्हणजे काय, या प्रश्नाची दोन उत्तरे देता येतात. निघण्याचे ठिकाण आणि पोचण्याचे ठिकाण यांच्यामधली अडचण म्हणजे प्रवास. ती जितकी लवकर सरेल तितके बरे, हे एक उत्तर. या दोन ठिकाणांच्या मधे जे काही असते तोच खरा प्रवास, बाकी दोन्ही टोके म्हणजे नुसते मुक्काम, हे दुसरे. पहिले व्यवहारी माणसाचे आणि दुसरे कवीचे, असे म्हणून हा वाद पूर्वी मिटवता येत असे. आता तो तसा मिटत नाही. वेगवान आगगाडीने हा प्रश्न कवीच्या हातून काढून घेतला आहे आणि तुमच्याआमच्या माजघरात आणून ठेवला आहे.

वर्ध्या-नागपुराकडची कितीतरी घरे आज अशी आहेत की ज्यांचा मुलगा किंवा मुलगी युरोपात नोकरीला आहे. दिवाळीत फराळाचा डबा तिकडे जातो आणि तिकडून फोन येतो. “सकाळी ब्रुसेल्सला काम होतं, जेवायला पॅरिसला परत,” असे मुलगा सांगतो. आईला कौतुक वाटते, आणि ती अगदी सहज विचारते, “वाटेत काय काय लागतं रे?” मुलाला उत्तर सुचत नाही. त्याचे चुकत नाही. त्या वाटेत खरोखर काही लागत नाही.

आपल्या भाषेने इथे मोठी गंमत करून ठेवली आहे. मराठीत गाव ‘लागते’. नदी लागते, घाट लागतो. त्याच क्रियापदाने भूक लागते, ठेच लागते, लळा लागतो, आणि कुणाच्या मनाचा थांगही लागतो. म्हणजे वाटेतले गाव नुसते डोळ्यांना दिसून भागत नाही. ते अंगाला कुठेतरी स्पर्श करून जावे लागते. आता पॅरिस ते ब्रुसेल्स हे अंतर पाहा. सुमारे ३०० किलोमीटर. वेगवान गाडी ते १ तास २२ मिनिटांत तोडते. आपल्याकडच्या हिशेबाने वर्ध्याहून निघून दीड तासाच्या आत भुसावळ! पुलगाव, धामणगाव, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, शेगाव, मलकापूर ही सगळी नावे मधल्या मधे विरून गेली. ताशी ३०० किलोमीटर म्हणजे मिनिटाला ५ किलोमीटर. एवढ्या वेळात धड एक जांभईही पुरी होत नाही.

हा वेग केवळ एंजिनातून येत नाही. फ्रान्समध्ये १९८१ साली पॅरिस ते ल्यों ही वेगवान गाडी सुरू झाली, ती त्यासाठी मुद्दाम टाकलेल्या नव्या रुळांवरून. वळणे सौम्य, फाटक एकही नाही, मालगाड्यांची लुडबूड नाही. जुना लोहमार्ग दिजों या जुन्या शहरावरून जात असे. नव्या मार्गाने त्याला सरळ बगल दिली. पूर्वीचे जवळजवळ चार तास दोनावर आले, ते काही अंशी या बगलेमुळे. गाडी थांबवायची म्हणजे मैलोगणती आधी वेग उतरवायचा आणि पुन्हा तितकाच चढवायचा. एकेका थांब्यापायी कितीतरी मिनिटे खर्ची पडतात. तेव्हा वेगाचे रहस्य जोराने धावण्यात जितके आहे तितकेच न थांबण्यात आहे. कोणत्या गावी थांबायचे नाही, हे ठरवावे लागते. आणि कुणासाठी थांबायचे नाही हे ठरवणे, हा यंत्रशास्त्राचा प्रश्न नव्हे. तो नीतीचा प्रश्न आहे.

परंतु एवढ्यावरून वेगाला नाक मुरडणे मला पसंत नाही. संथपणाची थोरवी बहुधा त्यांनाच सुचते, ज्यांना कुठे वेळेवर पोचायचे नसते. विदर्भाच्या कानाकोपऱ्यातून आजारी माणसे सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात येतात. बाकावर आडवे केलेल्या वडिलांचे डोके मांडीवर घेऊन बसलेल्या मुलाला वाटेत काय लागते असे विचारणे हा क्रूरपणा होईल. त्याच्या दृष्टीने प्रत्येक थांबा हा अन्यायच. शिवाय वेग हा नेहमी कशाच्या तरी तुलनेत असतो. युरोपात आज आगगाडीने जाणारा माणूस पुष्कळदा विमान सोडून, म्हणजे अधिक वेग सोडून, खाली उतरलेला असतो. जिथे आगगाडी अडीच तासांच्या आत पोचवते अशा काही वाटांवरची विमाने फ्रान्सने २०२३ साली कायद्याने बंद केली. पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून बोर्दो, नांत आणि ल्यों या शहरांना जाणारी विमाने अशी थांबली. हवेत सोडला जाणारा धूर कमी व्हावा म्हणून. आपल्याला जी गाडी अधीर वाटते, ती तिकडे संयमाची खूण ठरली.

मग वेग चांगला की वाईट? या प्रश्नाची खरी परीक्षा पाहायची तर फ्रान्सपर्यंत जाण्याचे कारण नाही. आपला वर्धा जिल्हा त्यासाठी पुरेसा आहे. मुंबईहून हावड्याला जाणारा आणि दिल्लीहून मद्रासला जाणारा, असे देशाचे दोन मोठे लोहमार्ग इथे एकमेकांना भेटतात; आणि नेमक्या याच ठिकाणी अशी दोन माणसे येऊन राहिली की ज्यांनी वेगाविषयी साऱ्या देशाला विचार करायला लावले.

गांधीजींनी १९०९ साली ‘हिंद स्वराज्य’ लिहिले तेव्हा आगगाडीवर एक प्रकरणच खर्ची घातले. आगगाडीने रोगराई पसरते, धान्य चढ्या भावाच्या बाजाराकडे ओढले जाऊन दुष्काळ वाढतात, आणि भल्या कामाला मुळात एवढी घाई नसते, असा त्यांचा एकूण युक्तिवाद. हे पुस्तक त्यांनी लिहिले मात्र लंडनहून आफ्रिकेला जाणाऱ्या आगबोटीवर! पुढे तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून त्यांनी जितका हिंदुस्थान पाहिला तितका फार थोड्यांनी पाहिला असेल. १९३६ च्या एप्रिलअखेर ते वर्ध्यापासून पाचेक मैलांवरच्या शेगाव या खेड्यात राहायला गेले. पायी दीड-दोन तासांची वाट; युरोपातल्या गाडीला ती दीड मिनिट पुरे. पण तिथेही आगगाडीने त्यांना सोडले नाही. अकोल्यापलीकडच्या शेगावच्या स्टेशनामुळे टपालाचा घोटाळा होऊ लागला, आणि १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम ठेवावे लागले. आज ‘वर्धा पूर्व’ या जुन्या स्टेशनालाही तेच नाव आहे. आगगाडीवर टीका करणाऱ्याच्या गावाचे नाव स्टेशनावर झळकते, यात विसंगती दिसेल. मला त्यात एक प्रकारची तडजोड दिसते. आगगाडी हवी, पण ती कुणाची सेवा करते हे विसरू नका, असे जणू ती पाटी सांगते.

कारण आगगाडी या भागात आली ती कुणाची सेवा करायला? नागपूर-वऱ्हाडचा कापूस एके काळी बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरपर्यंत जाई आणि तिथून गंगेवाटे कलकत्त्याला. त्यात महिने जात. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने (१८६१ ते १८६५) इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि इकडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. १८६७ साली लोहमार्ग नागपूरला पोचला. वर्धा शहर वसवले गेले तेही त्याच सुमारास. हिंगणघाटचे नाव लिव्हरपूलच्या बाजारात कापसाची जात म्हणून घेतले जाऊ लागले. पण युद्ध संपताच भाव कोसळले होते, आणि इथल्या कास्तकाराच्या चुलीचे भवितव्य सातासमुद्रांपलीकडच्या बाजारावर टांगले गेले ते गेलेच. दिवाळीच्या सुमारास पऱ्हाटीला बोंडे फुटतात, वेचणी सुरू होते. कापूस आजही भराभर शेताबाहेर जातो. त्याचे दाम मात्र त्या चालीने घरी येत नाही. माल वेगाने जातो आणि मोबदला पायी येतो, हा या जिल्ह्याचा दीडशे वर्षांचा अनुभव आहे. आगगाडीने अंतर कमी केले हे खरे. पण दोन टोकांच्या माणसांमधले अंतर त्या मानाने कमी झाले नाही.

आता दुसऱ्या माणसाची गोष्ट. एप्रिल १९५१ मध्ये हैदराबादजवळ शिवरामपल्ली येथे सर्वोदयाचे संमेलन भरणार होते. वर्ध्याहून तिकडे जायला आगगाडी होती. विनोबा पायी निघाले. सुमारे ३०० मैलांना महिना लागला. संमेलन आटोपल्यावर, सशस्त्र लढ्याने होरपळलेल्या तेलंगणातून ते पायीच फिरू लागले. १८ एप्रिल रोजी पोचमपल्ली या गावी हरिजनांच्या ४० भूमिहीन कुटुंबांनी त्यांच्यापाशी ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी गावकऱ्यांनाच विचारले. आणि रामचंद्र रेड्डी या जमीनदाराने १०० एकर देऊ केले. भूदान असे जन्माला आले. पोचमपल्ली हे कुठल्याही प्रवासाचे शेवटचे ठिकाण नव्हते. ते एक मधले गाव होते. वाटेत लागले म्हणून लागले.

सप्टेंबर २०२४ पासून नागपूर-सिकंदराबाद ‘वंदे भारत’ गाडी सुरू आहे, आणि ती सेवाग्रामला थांबते. सकाळी तीत बसलेला उतारू दुपारच्या जेवणाला सिकंदराबादेत असतो. ज्या वाटेला विनोबांना महिना लागला ती आता अर्ध्या दिवसाचीही राहिलेली नाही. ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्या उतारूला ४० कुटुंबे काय सांगणार? आणि केव्हा सांगणार?

इथे कुणी म्हणेल, पायी चालण्याचा एवढा महिमा नको. हे म्हणणे रास्त आहे. भूदानात मिळालेली पुष्कळ जमीन खडकाळ निघाली, पुष्कळ तंट्यात अडकली, पुष्कळ वाटलीच गेली नाही. स्वतः विनोबांनीही तेरा वर्षे चालून १९६४ साली पवनारला परतल्यावर, पुढल्याच वर्षी बिहारच्या ‘तूफान’ यात्रेत वाहनाचा उपयोग केला. कामाचा पसारा वाढला तेव्हा त्यांनाही वेगाची गरज भासली. तेव्हा पाय म्हणजे पुण्य आणि चाक म्हणजे पाप, असा सोपा हिशेब त्यांच्याही आयुष्यातून निघत नाही. निघतो तो इतकाच: ज्याचे काम मुक्कामाशी आहे त्याने खुशाल वेगाने जावे, ज्याचे काम माणसांशी आहे त्याला वाटेत थांबावे लागते. दुःख हे की आपले काम नेहमी मुक्कामाशीच आहे, अशी आपण हळूहळू समजूत करून घेतली आहे. गाडीचा वेग आपण आपल्या स्वभावात उतरवला आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे बोलणेही आता आपल्याला मधल्या स्टेशनासारखे वाटते. कधी एकदा मागे पडेल असे होते.

आणि वेगाचे मोल मोजतो कोण? नागपूर-वर्धा रोज अप-डाऊन करणारी मंडळी हे बरोबर सांगतील. लांब पल्ल्याची वेगवान गाडी मागून येत असली की पॅसेंजर बाजूला घेतात. काचेआडच्या उतारूचे दहा मिनिट वाचते. बाजूच्या रुळावर शेकडो माणसे, दुधाचे कॅन, कॉलेजची पोरे, दवाखान्याची चिठ्ठी घेतलेली बाई, सगळी घड्याळाकडे पाहत राहतात. २०२० च्या साथीत गाड्या बंद झाल्या आणि पुन्हा सुरू होताना देशभर कितीतरी लहान स्थानकांचे थांबे गळून पडले. काटकसर म्हणून ते समजण्यासारखे असेल. पण वाचलेला वेळ आकाशातून पडत नाही. पुष्कळदा तो दुसऱ्या कुणाच्या वेळातून काढलेला असतो. म्हणून वेगाला मी पाप म्हणत नाही. मी त्याला कर्ज म्हणतो. कर्ज काढण्यात लाज नाही. फेडण्याची आठवण नसण्यात आहे.

हे कर्ज फेडायचे कसे? राज्यकर्त्यांपुरते उत्तर उघड आहे: वेगवान गाडीवर जितका खर्च कराल, त्याच्या प्रमाणात बाजूला उभ्या राहणाऱ्या गाडीचीही काळजी वाहा. मुंबई-अहमदाबाद मार्गावर ५०८ किलोमीटरचे काम चालले आहे. उद्या तसा मार्ग आपल्याकडेही येवो, पण सिंदी आणि सेलू रोडचा उतारू त्यात हरवू नये. आपल्यापुरते उत्तर याहून अवघड आहे. गाडीने वाचवलेले चार तास आपण कुणाला देतो? ते पुन्हा घाईलाच दिले तर आपण नुसते पळालो, पोचलो कुठेच नाही.

या दिवाळीत पुण्याहून वेगवान गाडीने कितीतरी मुले वर्ध्याला उतरतील. स्टेशनाबाहेर आल्यावर आर्वीची, देवळीची, समुद्रपूरची एस. टी. पकडतील, फाट्यावर उतरतील, आणि तिथून पिशव्या सावरत पुढची वाट पायी तुडवतील. जगातल्या कुठल्याही वेगवान प्रवासाचा शेवटचा तुकडा असाच असतो. तेवढ्या वाटेत कुणीतरी शेताच्या बांधावरून हाक मारील, “केव्हा आलास?” तेव्हा घड्याळाकडे न पाहता घटकाभर थांबावे. आई दारात उभी असेल हे खरे. पण हाक मारणाऱ्याचा मुलगा यंदा आलेला नसेल.