श्वास आणि नाम

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाते आणि त्याच जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ओळखले जाते. नामदेवांना त्यांचे गुरू विसोबा खेचर औंढ्याच्या देवळात भेटले अशी वारकऱ्यांची श्रद्धा असून, ज्ञानदेवादी भावंडांमार्फत विसोबांचे नाते नाथपंथाशी जोडले जाते. श्वासाला साधन मानणारा नाथपंथ आणि नामाला साधन मानणारा वारकरी पंथ यांची गाठ अशा रीतीने या भूमीत पडलेली असल्यामुळे, मनःशांतीसाठी श्वास आवरावा की नाम घ्यावे, या प्रश्नाचा विचार येथून करणे उचित ठरते.

पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्तप्रसादनाचे, म्हणजे मन निर्मळ करण्याचे, अनेक उपाय सांगताना श्वास बाहेर सोडणे व रोखणे हा त्यांतील एक पर्याय म्हणून नोंदवला आहे. श्वास आत घेणे म्हणजे पूरक, सोडणे म्हणजे रेचक आणि रोखणे म्हणजे कुंभक होय. नाथपंथीय ग्रंथांनी दिवसरात्रीचे 21,600 श्वास मोजून, त्यांच्याबरोबर आपोआप चालणाऱ्या ‘सोऽहम्’च्या जपाला अजपाजप म्हटले; ही गणना मिनिटाला पंधरा श्वासांची, म्हणजे निरोगी प्रौढाच्या स्वाभाविक गतीशी जुळणारी आहे.

ज्ञानदेवांनी गीतेच्या सहाव्या अध्यायाच्या विवरणात योगमार्गाचे सविस्तर वर्णन केले, तरी बाराव्या अध्यायात त्याची बिकटताही स्पष्ट केली आणि वारकरी परंपरेने सर्वांना झेपेल असे नामस्मरण पुढे ठेवले. तथापि हे दोन मार्ग देहाच्या पातळीवर परस्परांना परके नाहीत. भजनात अभंगाचा चरण एका दमात म्हणून मगच पुढचा श्वास घेतला जातो, त्यामुळे पूरक आखूड आणि रेचक लांब होतो; श्वास सोडताना व्हेगस या मज्जातंतूचा प्रभाव वाढून हृदयाची गती मंदावते. इटलीतील संशोधकांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि योगमंत्र या दोहोंच्या उच्चारणाने श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत मंदावल्याचे आढळले. पाठ ताठ ठेवून चार अंक मोजेपर्यंत नाकाने श्वास घेणे आणि सहा अंक मोजेपर्यंत तो सावकाश सोडणे, या साध्या कृतीनेही जवळपास हीच लय साधते. कुंभक मात्र हृदयविकार वा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी स्वतःच्या मनाने करू नये.

येथे खरा तात्त्विक प्रश्न उरतो तो असा की, अशी शांती साध्य आहे की साधन. पतंजलींच्या अष्टांगयोगात प्राणायाम चौथा असून त्याआधी यम आणि नियम, म्हणजे इतरांशी व स्वतःशी वागण्याची शिस्त, येतात. भक्तिमार्गातही नामाला सदाचाराची जोड अपेक्षित आहे. पावसाने ओढ दिल्यामुळे किंवा कर्ज थकल्यामुळे शेतकऱ्याच्या मनावर आलेला ताण दीर्घ श्वासाने हलका होईल, परंतु त्याचे कारण नाहीसे होणार नाही, आणि ते झाकण्यासाठी प्राणायामाचा उपदेश करणे हा त्या शास्त्राचा विपर्यास होय. श्वास व नाम या दोहोंचे काम मन स्थिर करून विवेकाला अवसर देणे एवढेच आहे. त्या विवेकाने योग्य कर्म घडले, तरच ती साधना सफल म्हणावी.